साडेआठची भानगड

वाळूजमध्ये काय चाललंय, कानावर आलंय की नाही? बजाजनगरातली चांगल्या घरची पोरं रविवारी रात्री बरोब्बर साडेआठला वाढलेलं ताट तसंच ठेवून मोबाईलमध्ये तोंड खुपसतात. आईला वाटतं, कुणी पोरगी असेल. पोरगी असती तर परवडलं असतं हो, निदान पत्रिका तरी बघता आली असती! हा मामला निघाला जपानी चित्रकथेचा.

टोकियोत मध्यरात्र उलटून सोमवार लागतो, तेव्हा आपल्याकडे रविवारचे साडेआठ वाजतात. त्याच ठोक्याला ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकातली नवी प्रकरणं ‘मांगा प्लस’ अ‍ॅपवर येऊन पडतात, आणि ताजी असतात तोवर फुकट. पानं किती, तर सतरा-अठरा. तीही उजवीकडून डावीकडे. वाचून व्हायला पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांवरची मतं गुरुवार आला तरी संपत नाहीत. वाचनाचं वेड असतं तर कोण कशाला बोललं असतं? हे वेड मतं देण्याचं आहे!

आणि मतं तरी कसली! एमआयडीसीत दिवसभर गेज लावून पार्ट तपासणारी ही पोरं. चित्रकारालाही तोच न्याय. मोहटादेवी मंदिराकडच्या टपरीवर कटिंग घेत उभे राहा, म्हणजे कळेल. ‘तिसऱ्या पानावर मागचं काही काढलंच नाही, रिजेक्ट.’ ‘मारामारी ओके, शेवट रिवर्कला पाठवा.’ एइचिरो ओदा बिचारा 1997 पासून ‘वन पीस’ काढतोय, अकराशेच्या वर प्रकरणं झाली. त्याने एखादा आठवडा सुट्टी घेतली, की ओव्हरटाइमला नाक मुरडणारेच विचारतात, ‘मग टार्गेटचं काय?’

त्यातली सगळ्यात आगाऊ जमात फुटलेली पानं वाचणाऱ्यांची. रविवारच्या दोन-तीन दिवस आधीच चोरून बाहेर आलेली पानं हे बघून ठेवतात. बरं, सांगतही नाहीत. नुसतं म्हणतात, ‘मी काहीच बोलणार नाही,’ आणि असं हसतात, की समोरच्याला कोण मेलं ते कळावं!

मेल्यावरून आठवलं, गोजोचं प्रकरण तर विचारूच नका. ‘जुजुत्सु कायसेन’मधला सर्वांचा लाडका गुरू, पांढऱ्या केसांचा, डोळ्यांवर पट्टी बांधणारा. सप्टेंबर 2023. एका प्रकरणाच्या शेवटी जाहीर होतं, गोजो जिंकला. पुढचं प्रकरण उघडावं तर साहेब विमानतळावर मेलेल्या दोस्तांशी गप्पा मारताहेत, आणि खाली धडाचे दोन तुकडे! ज्या वाराने मेला तो वारच दाखवला नाही. लेखक गेगे अकुतामीला जगभरातून शिव्या पडल्या, त्यात आपल्या रांजणगावचाही वाटा असणारच. मालिका 2024 च्या सप्टेंबरअखेर संपली, पण सुतक काही फिटलं नाही. अजूनही कुणी ‘गोजो’ म्हटलं, की टपरीवर दोन तट पडतात.

आता घरोघरचे काका म्हणतात, आमच्या वेळी असलं नव्हतं. काय सांगता! इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला निघालं आणि 1990 ला बंद पडलं. मधल्या काळात हेच काका पाठ्यपुस्तकाच्या आत वेताळ लपवत होते. भाड्याने आणलेला अंक संध्याकाळपर्यंत परत करायचा, म्हणून जेवणं यांनीही टाकली. आणि मतं? बहादूर बरा की मँड्रेक, यावरून शाळेच्या आवारात गचांड्या धरल्यात!

परवा अशाच एका काकांनी टपरीवरच्या वादात तोंड घातलं. म्हणाले, ‘गोजोचं काय घेऊन बसलात? आमच्या वेताळाने डायनाला 1936 पासून ताटकळत ठेवलं. वर्तमानपत्रातल्या मालिकेत लग्न लागलं ते थेट 1977 ला. एकेचाळीस वर्षं! डायना काही बोलली?’

एका पोराने चहा खाली ठेवला. ‘लग्न पानावर दाखवलं का पण? का मधलं गाळलं?’

‘गाळतात होय! अख्खं दाखवलं. मँड्रेक आणि लोथारसुद्धा वऱ्हाडात होते.’

पोरं गप्प झाली. मग त्यातल्या एकाने हळूच विचारलं, ‘काका, तो अंक आहे का तुमच्याकडं?’