रोज किती किलोमीटर, हे न विचारणाऱ्या विक्री सल्लागारास खुले पत्र

मा. विक्री सल्लागार साहेब,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळला आहे.

२०२५ च्या दसऱ्याला माझ्या भाच्याने तुमच्या शोरूममधून गाडी नेली. तुम्हाला तो आठवणार नाही. त्या दिवशी तुमच्याकडे डिलिव्हरीची रांग लागली होती. गाडीवर लाल मखमली कापड, हातात पुठ्ठ्याची हातभर लांब चावी, हार, पेढे, फोटो. तुम्ही माझ्या बहिणीला पुढे उभे केलेत आणि म्हणालात, "काकू, आता साताऱ्यात रुबाब बघा." तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्याचा तुम्ही धंदा केलात, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहे.

मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. घर साताऱ्यात. जायला साठ किलोमीटर, यायला साठ. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर तीन हजार किलोमीटर, वर्षाला छत्तीस हजार. शिफ्टच्या वेळा अशा की एसटीचा मेळ बसत नाही. गाडी ही त्याची चैन नव्हती, गरज होती. त्याला पोटापाण्यासाठी पळणारे वाहन हवे होते आणि तुम्ही त्याच्या गळ्यात दीड लिटर टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही मारलीत.

तुम्ही त्याला काय काय विचारलेत ते मी त्याच्याकडून नीट काढून घेतले आहे. रंग कोणता, सनरूफ साधे की पॅनोरमिक, पगार किती, सिबिल स्कोअर किती, जुनी दुचाकी एक्स्चेंजला द्यायची का, लग्न ठरले आहे का. लग्नाची चौकशी करायला तुम्हाला सवड होती. गाडी रोज किती चालणार, हे विचारायला नव्हती. साधा वडापवालासुद्धा गाडी घेताना हा आकडा आधी मांडतो. तुम्ही मांडला नाहीत, कारण तो मांडला असता तर सौदा मोडला असता.

तुमचे कोटेशन माझ्यासमोर आहे. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, अॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी, फास्टॅग, आणि शेवटी जाड अक्षरात चौऱ्याऐंशी हप्ते. फूटमॅटचा खर्चही तुम्ही रुपयांपर्यंत लिहिला आहे. इंधनाची ओळ नाही. जो खर्च सात वर्षे रोज होणार, तो कागदावर कुठेच नाही. मग ती ओळ मीच लिहितो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल लिटरला १०५ रुपये, डिझेल ९१ आणि सीएनजी किलोला ९३ रुपये धरू. तुमची एसयूव्ही या रस्त्यावर साडेबाराचे मायलेज देते. महिन्याला २४० लिटर, म्हणजे २५,२०० रुपये. लिटरला वीस देणारी छोटी पेट्रोल गाडी त्याच अंतराला १५० लिटर पिते, म्हणजे १५,७५० रुपये. फरक ९,४५० रुपयांचा, आणि तोही दर महिन्याला. "हप्त्यात फक्त सहा हजारांचा फरक पडतो, एकदाच घ्यायची तर मोठीच घ्या," असे तुम्ही त्याला म्हणालात. त्या सहा हजारांत हे साडेनऊ हजार मिळवा. नुसत्या इंधनाचा फरक चौऱ्याऐंशी महिन्यांत आठ लाखांच्या घरात जातो. तेवढ्यात घरापुढे दुसरी छोटी गाडी उभी राहते.

त्याने मायलेज विचारले तेव्हा तुम्ही छाती ठोकून सांगितलेत, "अठरा देते सर, एआरएआय सर्टिफाइड आहे." एआरएआयचे नाव घेताना जरा सांभाळून. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली ती संस्था आपले काम चोख करते. चाचणी कशी होते, हे ती लपवत नाही. ते लपवता तुम्ही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात आणि उतरवतात. सगळा प्रकार जेमतेम वीस मिनिटांचा. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, तोही थोडाच वेळ. एसी बंद. चढ नाही, समोरचा वारा नाही, मागे चार माणसे नाहीत. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. पंपावरचे बिल त्यावरून काढायचे नसते, हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवले असेलच. ग्राहकाला तुम्ही ते सांगितले नाहीत.

आता खरा रस्ता ऐका. गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी शिरवळहून त्याच्या शेजारी बसून आलो. खंडाळा मागे पडला आणि खंबाटकीचा चढ सुरू झाला. पुढे सळयांनी भरलेला ट्रेलर, त्याच्या पुढे उसाचा ट्रक, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. गिअरबॉक्स दुसऱ्यात अडकून घुरघुरत होता. स्क्रीनवरचे त्या क्षणाचे मायलेज पाच, सहा, पुन्हा पाच. घाट उतरून सुरूरच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तेव्हा शंभरच्या वेगातही आकडा फारसा सावरेना. त्याला कारण आहे. ऐंशीवरून शंभरवर गेलो की हवेचा अवरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तुमची गाडी उंच आणि रुंद, म्हणजे अंगावर वारा घेणारी. घाटात वजन भोवते आणि सपाटीवर आकार. भरीला आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे त्याचीही थोडी झळ मायलेजला लागते. हे सगळे घडत असताना पोरगा स्टिअरिंगवर गप्प होता. आईच्या त्या फोटोमुळे त्याला तक्रारही करता येत नाही.

तुमच्याकडे दुसरे पर्याय नव्हते, असे म्हणू नका. त्याच छताखाली होते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला होता आणि तुमच्या दारावर त्याचा भलामोठा फलक होता. मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे, हे फलकावर नव्हते. तुम्ही अर्धा तास बसून त्याच्यापुढे मांडायला हवे होते ते हे असे.

पहिली, छोटी पेट्रोल. विकत घ्यायला स्वस्त, सर्व्हिसिंगला स्वस्त, टायर लहान म्हणून तेही स्वस्त. वर्षाला छत्तीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची तीन-चार सर्व्हिसिंग होतात आणि टायरही लवकर झिजतात, म्हणून हा खर्च किरकोळ नाही. घाटात क्लच दाबून पाय दुखतो हे त्याचे म्हणणे रास्त होते. त्यावर एएमटी गिअरबॉक्सचे उत्तर आहे, आणि त्याने मायलेज जात नाही.

दुसरी, सीएनजी. किलोला पंचवीस धरले तर महिन्याला १२० किलो, ११,१६० रुपये. पेट्रोल मॉडेलपेक्षा गाडी नव्वद हजारांनी महाग असली तरी ते पैसे वीस महिन्यांत सुटतात. त्याची अडचणही सांगायला हवी होती. साठ लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो, पंपावर प्रेशर कमी असेल तर त्याहून कमी. रोज नाही तर दिवसाआड पंप गाठायचा आणि रांगेत थांबायचे. डिकी बरीचशी जाते, चढाला ओढ थोडी कमी पडते, आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करावी लागते. हे ऐकून त्याने हो म्हटले असते किंवा नाही म्हटले असते; पण निर्णय त्याचा असता.

तिसरी, डिझेल. तुम्ही त्याला म्हणालात, "डिझेल आता संपले सर, फिल्टर चोक होतात." अर्धे खरे बोलणे तुम्हाला चांगले जमते. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातला काजळीचा फिल्टर चोक होतो तो गल्लीबोळात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा. रोज महामार्गावर तासभर तापून पळणाऱ्या गाडीत ती काजळी आपोआप जळते. या मुलाचा प्रवास डिझेलला मानवणाराच होता. तरी हिशेब करा. लिटरला वीस धरले तर १३,६५० रुपये, म्हणजे छोट्या पेट्रोलपेक्षा महिन्याला २,१०० वाचतात. गाडी सव्वा लाखाने महाग असेल तर ते वसूल व्हायला पाच वर्षे लागतात. शिवाय आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर आहे, तर डिझेलला १३ टक्के. डिझेल नाकारायचे तर या आकड्यांनी नाकारायचे, घाबरवून नव्हे.

चौथी, विजेवरची. माझ्या बहिणीच्या घराला स्वतःचे अंगण आहे, सोसायटीची परवानगी मागायची नाही. गाडी एका युनिटला सात किलोमीटर गेली तर महिन्याला सुमारे ४३० युनिट. वरच्या स्लॅबचा, पंधरा रुपयांचा दर लावला तरी साडेसहा हजारांच्या आत. रोजचे अंतर ठरलेले, रात्रभर चार्जिंग घरीच. जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवून घाट, एसी आणि पावसाळा धरून पावणेदोनशे किलोमीटर जाणारी गाडी पुरते. साडेतीन लाख जास्त मोजले तरी सव्वातीन वर्षांच्या आत छोट्या पेट्रोलशी बरोबरी होते. इतका सरळ ग्राहक तुमच्या दारात क्वचित येत असेल, आणि त्याला तुम्ही सनरूफ उघडून आकाश दाखवलेत.

मग तुमचा हुकमी एक्का: "सर, हायवेला सेफ्टी महत्त्वाची. छोटी गाडी म्हणजे डबा." आईसमोर हे वाक्य टाकले की पोरगा हरतो, हे तुम्हाला ठाऊक होते. सुरक्षितता महत्त्वाची आहेच, म्हणून तर ती मोजतात. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे. २०२४ साली डिझायरसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीने ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवले. सगळ्याच छोट्या गाड्या तशा नाहीत, तशा सगळ्या मोठ्याही नाहीत. तारे विचारून निवड करता येते. तुम्ही भीती विकलीत.

आणखी दोन गोष्टी. "टोलचे टेन्शन नाही, तीन हजारांत वर्षभर," असे तुम्ही सांगितलेत. तो वार्षिक पास एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. आनेवाडी नाका हा मुलगा रोज दोनदा ओलांडतो. चार महिन्यांत पास संपतो. योजना चांगलीच आहे, तुमचे वाक्य खोटे आहे. तशीच तुमची पाच वर्षांची वाढीव वॉरंटी. तिच्यावर बारीक अक्षरात एक लाख किलोमीटरची मर्यादा आहे. तिसऱ्याच वर्षी त्याची गाडी तो आकडा ओलांडेल, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांचे पैसे त्याने हवेत सोडले. रोजचे किलोमीटर विचारले असतेत तर ही वॉरंटी विकताना तुमची जीभ अडखळली असती, एवढी माणुसकी मी तुमच्यात अजून धरून आहे.

तुम्हालाही टार्गेट असते, महिनाअखेरीला मॅनेजर मानगुटीवर बसतो, महागड्या मॉडेलवर इन्सेंटिव्ह जास्त मिळतो. हे सगळे मला कळते. पण 'सल्लागार' ही पाटी छातीवर लावून तुम्ही त्याच्यासमोर बसला होतात. विक्रेता म्हणून बसला असतात तर तो सावध राहिला असता.

आज त्याच्याबरोबर शिरवळला जाणारे आणखी दोघे गाडीत बसतात आणि पेट्रोल वाटून घेतात. गाडी विकायची म्हटले तर पहिल्याच वर्षीची घसरण लाखांत जाते, म्हणून हप्ते भरत ती चालवणे भाग आहे. बहिणीने घराच्या वरच्या खोलीचे काम पुढे ढकलले आहे.

माझी मागणी एकच आहे, आणि तिला खर्च नाही. कोटेशनच्या कागदावर हप्त्याच्या शेजारी एक ओळ वाढवा: रोजचे किलोमीटर इतके, म्हणून महिन्याचे इंधन इतके. आकडा ब्रोशरमधला नको. तुमच्याच वर्कशॉपमध्ये रोज गाड्या येतात, त्यांचे मालक टाकी टू टाकी काय पडते ते सांगतात, तो लिहा. टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवती चक्कर मारून आणू नका, ग्राहकाच्या नेहमीच्या रस्त्याने न्या, घाट असेल तर घाटातून. एवढे करून कोणी हौसेने मोठी गाडी घेतली तर खुशाल पेढे वाटा, मीही खाईन.

हे होईपर्यंत माझे काम मी सुरू केले आहे. आमच्या आळीत, नात्यात, भाच्याच्या कारखान्यात जो कोणी गाडी घ्यायला निघतो, त्याला आधी महिन्याचे किलोमीटर कागदावर लिहायला लावतो, आणि ते लिहिल्याशिवाय शोरूमची पायरी चढू देत नाही. यातले काही जण तुमच्याकडेच येतील. तो कागद ते तुमच्या टेबलावर ठेवतील. त्यावरचा आकडा वाचून मगच रंग विचारा.

आपल्या एका ग्राहकाचा मामा,
सातारा