‘कथित’ नावाची ढाल

‘कथित’ हा शब्द बातमीदाराच्या मोठ्या कामाचा. आरोप छापायचा, पण अंगावर घ्यायचा नाही. मथळ्यात ‘अमुक टोळीचा पर्दाफाश’ ठळक टाइपात, आणि ‘कथित’ खाली तिसऱ्या ओळीत, चेंगरून. वाचणारा तिथवर पोचतोच असं नाही.

सुरतेत हा शब्द एकोणीस वर्षं राबला. डिसेंबर २००१ मध्ये सगरामपुऱ्यातल्या राजश्री हॉलमध्ये अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर परिसंवाद भरणार होता. पोलिसांनी छापा घालून १२७ जण पकडले. गुजरातचे तर होतेच, महाराष्ट्रासह इतर राज्यांतलेही होते. आरोप काय, तर त्याच सप्टेंबरात बंदी आलेल्या ‘सिमी’ या संघटनेचे हे सदस्य. कलमं बेकायदा कारवाया रोखणाऱ्या यूएपीए कायद्याची. लोक महिनोन्‌महिने तुरुंगात राहिले, मग जामिनावर सुटून तारखांना सुरतेच्या खेपा घालत राहिले.

६ मार्च २०२१ रोजी सुरतेच्या न्यायालयानं पुराव्याअभावी सगळ्यांना निर्दोष सोडलं. जमाव परिसंवादासाठीच आला होता, हेही मान्य झालं.

सगळ्यांना, म्हणजे १२२ जणांना. पाच जण खटला चालू असतानाच वारले होते. आरोपी वारला की त्याच्यापुरता खटला निकालाविनाच संपतो. त्यामुळे ते पाच ना दोषी ठरले, ना निर्दोष. कागदोपत्री अजून कथितच.