फर्नेसकाका

मिनिआपोलिसच्या उपनगरांत ऑक्टोबर लागला, मेपल लालभडक झाले, की महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंना ऊत येतो. झाडाखाली पैठणी नेसून उभ्या वहिनी, पानं उधळणारी पोरं, मुलाचं जाकीट घातलेले भारतातून आलेले आजोबा. सगळे खाली बदाम टाकतात. फर्नेसकाका लिहितात, ‘ही पानं पन्हळीत जाणार.’

त्यांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर असतं; एरवी ते कुणी वापरत नाही. असा एक काका तिकडच्या प्रत्येक मराठी घोळक्यात सापडतो. ईडन प्रेरीत आहे, मेपल ग्रोव्हमध्ये आहे. वुडबरीत तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण रात्री थर्मोस्टॅट खाली आणावा की आणू नये, यावर त्यांचं फाटलेलं आहे.

आमचे काका या मुलखात आले ते नेमके १९९१ साली. त्या वर्षी हॅलोविनला सुरू झालेलं वादळ मिनिआपोलिस-सेंट पॉलवर २८.४ इंच बर्फ टाकून गेलं. ‘तुम्ही एक्क्याण्णव पाहिलं नाहीत,’ हे वाक्य काका तरुण इंजिनिअरांना अशा स्वरात ऐकवतात, की समोरच्याला आपण उशिरा जन्मल्याची उगीचच लाज वाटते.

कुणी नवं घर घेतलं की वास्तुशांतीला काका सगळ्यांच्या आधी हजर. बाकीचे पाहुणे ओट्याचा ग्रॅनाइट चाचपतात, वरच्या खोल्या मोजतात. काका भटजींना नमस्कार करून थेट बेसमेंटात उतरतात. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरमालकाला माहीत नसणार, अशी त्यांची खात्री असते आणि ती अजून खोटी ठरलेली नाही. ‘पाइप फुटला तर काय बंद करशील?’ असं ते सोवळं नेसलेल्या यजमानाला विचारतात. तो बिचारा हातातली पळी सावरत बायकोकडे बघतो. काका व्हॉल्व्हला लाल फीत बांधून वर येतात आणि मगच प्रसादाला बसतात. अहेर ठरलेला: बाहेरच्या नळावर घालायचं फोमचं टोपडं आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे असा अलार्म झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १० फुटांच्या आत हवा. काका टेप सोबत घेऊनच येतात.

थंडीची पहिली लाट यायच्या आधी त्यांचे फोन सुरू होतात. कशी आहेस नाही, पोरं काय म्हणतायत नाही. ‘होज काढला का?’ एवढंच. बागेत पाणी घालायची नळी बाहेरच्या नळाला तशीच लटकत राहिली, तर आतलं पाणी निथळून जात नाही आणि ते गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. काका पुढचं सांगतात. पाइप पुष्कळदा बर्फ धरला त्या जागी फुटतच नाही. बर्फाचा बोळा एका बाजूला, बंद नळ दुसऱ्या बाजूला, मध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जिथे कच्चं असेल तिथे पाइप जातो. पण गेला हे लगेच कळत नाही. बर्फ वितळल्यावर कळतं. ‘म्हणजे तू ऑफिसात असताना,’ काका म्हणतात, आणि भयकथा सांगणाऱ्याने थांबावं तसे तिथे थांबतात.

पण काकांचा खरा जीव माळ्यावर. जानेवारीत घराच्या वळचणीला बर्फाचे हातहात लांब सुळे लोंबायला लागले, की नवखी मंडळी त्यांच्याखाली सेल्फी काढतात. काका रस्त्यात गाडी थांबवून दार वाजवतात. ‘तुमच्या माळ्यातून ऊब गळतेय.’ मग उंबऱ्यातच व्याख्यान. घरातली गरम हवा फटींतून माळ्यावर जाते, छप्पर तापतं, छपरावरच्या बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उतरत वळचणीला येतं. तिथे खाली घर नाही, ऊब नाही, त्यामुळे पुन्हा गोठतं. असा बर्फाचा बांध तयार झाला की मागून येणारं पाणी त्याच्यामागे तुंबतं, उलटं चढून छपराच्या पापुद्र्यांखाली शिरतं आणि बेडरूमच्या छतावर नकाशे काढतं. मग घरचा कर्ता पुरुष कुऱ्हाड घेऊन शिडीवर चढतो. बर्फाबरोबर छप्परही फोडतो. (अशा दोन कुऱ्हाडी काकांच्या गॅरेजात जप्त आहेत, असं म्हणतात.) काकांचा मंत्र साधा आहे: आधी फटी बुजवा, मग इन्सुलेशन घाला. बाथरूमच्या पंख्याभोवतीची, छतातल्या दिव्यांभोवतीची, माळ्याच्या झाकणाची फट. ती बुजवल्यावर पंधरा-सोळा इंचांचा थर. लोक नेमकं उलटं करतात. फटी तशाच ठेवून वर थर पसरतात आणि सुळे आले की लांब दांड्याचं फावडं विकत आणतात.

छप्पर बघून घराची पारख करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बर्फ पडून गेल्यावर ज्या छपरावर तो सारखा टिकून राहतो, ते घर चांगलं. शेजारपाजारच्या आधी जे उघडं पडतं, तिथे पैसे आकाशात चाललेत. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, घराणं, कशावरच ते बोलले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, ‘छपरावर बर्फ टिकलाय. माणसं चांगली आहेत.’

काकांना फर्नेस हे नाव पडलं ते मात्र भिंतीतून बाहेर येणाऱ्या एका पांढऱ्या प्लास्टिकच्या नळीमुळे. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा श्वास त्या नळीतून चालतो. ती बर्फाखाली गाडली गेली तर फर्नेस बंद पडतो, नाही तर विषारी वायू घरात कोंडायची भीती. म्हणून वादळात रात्री दोन वाजता कपाळाला दिवा बांधून, हातात फावडं घेऊन कुणी घराभोवती फिरताना दिसलं, तरी पोलिसांना बोलवायचं नाही, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

या सगळ्याची किंमत काकू भरतात. कडाक्याच्या थंडीत घरातली हवा दमट झाली की खिडक्यांच्या काचांना पाणी सुटतं आणि पुढे चौकटीला बुरशी धरते. म्हणून काकांनी ओट्याच्या वर आर्द्रतामापक टांगला आहे. आकडा पस्तीसवर गेला की ते असतील तिथून उठून येतात. ‘किती शिट्ट्या झाल्या?’ ‘चार.’ ‘तीन पुरत नाहीत का?’ ‘राजमा आहे, अहो.’ माघी गणपतीला काकूंनी उकडीचे मोदक केले, तेव्हा आरतीच्या वेळी काका हातात फडकं घेऊन खिडक्यांवरून फिरत होते. टाळ्या दुसऱ्यांनी वाजवल्या.

३० जानेवारी २०१९ हा त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. मिनिआपोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ३३ च्या आसपास उतरला. टपाल बंद झालं. गॅस कमी पडू नये म्हणून कंपनीने गिऱ्हाइकांना थर्मोस्टॅट ६३ वर आणायची विनंती केली. काकांचा पहिल्यापासून ६३ वरच होता. त्यांनी तो निरोप छापून फ्रिजवर लावला. काकूंनी तो अंगावरची शाल न काढता वाचला. त्या रात्री घरातल्या प्रत्येक सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी, आणि बाहेरच्या भिंतीकडच्या नळांना सुतासारखी धार. मध्यरात्री छपराच्या तुळया थंडीने आक्रसून कडाड वाजल्या. मुक्कामाला आलेले व्याही रामरक्षा म्हणत उठून बसले. ‘लाकूड आहे, आकसणारच,’ असं सांगून काकांनी त्यांना पुन्हा झोपवलं.

डिसेंबरात भारतात जायचं म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. मुख्य व्हॉल्व्ह बंद, नळ उघडून पाइप रिकामे, थर्मोस्टॅट ५५ च्या खाली नाही, किल्ली मित्राकडे, आणि मित्राला दोन पानी सूचना. पुण्यात भाच्याच्या लग्नात अक्षता पडत असताना काका फोनवर घरचं तापमान बघत होते. ‘अठ्ठावन्न,’ ते समाधानाने पुटपुटले. शेजारच्या आत्याबाईंना वाटलं, नवऱ्यामुलाचं वजन सांगताहेत.

आणि त्याच पुण्यात त्यांच्या वडिलांच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराचा नळ काकांच्या मुंजीपासून गळतो आहे. त्याला सुतळी बांधलेली आहे. काका रोज त्याच नळाखाली बादली भरतात आणि आंघोळ झाली की सुतळी पुन्हा नीट आवळून बाहेर येतात. वॉशर का बदलत नाही असं विचारलं, तर म्हणतात, ‘इथे कुठे गोठतंय!’

माणूस कंटाळवाणा आहे, हे मला मान्य आहे. पण रात्री अडीचला फोन उचलणारा मंडळात दुसरा कुणी नाही. अध्यक्ष तर नाहीतच. कुणाच्या घरी पाइप फुटला की काका पाणी ओढायचं मशीन घेऊन पंधरा मिनिटांत दारात उभे. चेहऱ्यावर हळहळ असते, पायांत मात्र वेगळीच चपळाई. ‘मी सांगितलं होतं’ असं ते कधीच म्हणत नाहीत. चिंब भिजलेल्या गालिच्यावर उभं राहून फक्त विचारतात, ‘होज?’ कारण त्यांचं एक दुखणं आहे, आणि ते काकूंशिवाय कुणाला कळत नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात काहीच होत नाही. फुटलेला पाइप चार माणसांना दाखवता येतो; न फुटलेला कुणाला दाखवणार?

एप्रिलात बर्फ उतरायला लागतो. कुंपणापलीकडचे नॉर्वेजियन वंशाचे आजोबा वर्षातलं आपलं एकमेव वाक्य बोलायला बाहेर येतात. यंदा ते काकांच्या छपराकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘नॉट टू बॅड.’ मिनेसोटात याहून वरचं कौतुक नाही. काकांनी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपला कळवलं. एकही बदाम आला नाही.

‘आता तरी बसा जरा,’ काकू म्हणाल्या. पण बर्फ वितळला की जमिनीत मुरलेलं पाणी बेसमेंटकडे धावतं, आणि ते उपसणारा पंप वर्षभर बसून असतो. काका बादली घेऊन खाली गेले. एक ओतली, दुसरी ओतली. तिसरीला खड्ड्यातला तरंगता गोळा वर आला आणि पंप घरघरला. ‘आला, आला!’ काका ओरडले. काकू पिठाच्या हातांनी जिना उतरून धावत आल्या.

‘काय झालं?’

‘काही नाही झालं,’ काका म्हणाले, आणि चौथी बादली भरायला वर गेले.