विषयाविना वक्तृत्व

सभाधीटपणा शिकवणाऱ्या वर्गांनी अभ्यासक्रमातून ‘विषय’ ही अडगळ काढून टाकली, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन केले पाहिजे. नजर कुठे ठेवायची, हात किती उंच न्यायचा, थांबायचे कधी, एवढे पुरते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याने आधी अभ्यास करावा असा जाचक प्रघात होता. अभ्यासाने शंका येतात, शंकेने जीभ अडखळते; म्हणजे सभाभीतीचे मूळ ज्ञानातच आहे. पुरावा हवा असेल तर मुंबईत साकीनाक्याच्या चौकात उभे राहावे. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर सिग्नल लाल असतानाच मागचा हॉर्न बोलू लागतो. पुढे काय अडले आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणूनच त्याच्या स्वरात कंप नसतो. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा घालणारे २००० सालचे नियमही त्याचा आत्मविश्वास खचवू शकलेले नाहीत.

आक्षेप असा, की श्रोत्याने प्रश्न विचारला तर? उत्तर सोपे आहे: ‘फार छान प्रश्न विचारलात’ म्हणावे आणि आपले पुढे चालू ठेवावे. दुसरा आक्षेप, की सगळेच बोलू लागले तर ऐकणार कोण? चौकात तरी कोण ऐकते? म्हणून कुणी हॉर्न सोडलेला नाही. तेव्हा पुढची तुकडी थेट तिथल्या मेट्रो स्थानकाखाली बसवावी आणि हॉर्नलाच प्राध्यापक नेमावे. प्रवेश सर्वांना खुला आहे. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही आहे, त्यांनी मात्र कृपया अर्ज करू नये.