साडेतीन फुटी दार

निवृत्तीनंतर मला घरात स्वतंत्र खोली मिळाली, पण तिचं दार काही माझं झालं नाही. लावून घेतलं की बाहेर कुजबुज सुरू व्हायची, "आज काय बिनसलंय यांचं?" उघडं ठेवलं की दीड वर्षाचा नातू येऊन खालच्या फळीवरचे दिवाळी अंक खायचा. हे अलंकारिक नाही. एका अंकाचं संपादकीय त्याने खरोखर गिळलं होतं.

तेव्हा मला आजोळचं मागचं दार आठवलं. कोकणातलं घर, आडवं दोन तुकड्यांत असलेलं दार. खालचं बंद, वरचं उघडं. कोंबड्या बाहेर राहायच्या, चुलीचा धूर बाहेर जायचा, उजेड तेवढा आत यायचा. आजी खालच्या दारावर कोपरं टेकून शेजारणीशी बोलायची. 'आत ये' म्हणायची गरज नाही आणि 'जा आता' म्हणायचीही नाही. आपल्याकडे खऱ्या गप्पा "बराय, निघतो" म्हटल्यानंतरच रंगतात. पाहुणा एक पाय चपलेत घालून अर्धा तास उभा असतो. त्या कोपरांची सोय आजीच्या सुताराने करून ठेवली होती.

आम्ही त्याला नुसतं 'अर्धं दार' म्हणायचो. अमेरिकेतल्या मुलीने फोनवर सांगितलं, की तिकडे त्याला डच डोअर म्हणतात. सतराव्या शतकात हडसन नदीच्या खोऱ्यात वस्ती करायला गेलेल्या डच लोकांनी ते तिकडे नेलं. इंग्लंडमध्ये त्यालाच स्टेबल डोअर म्हणतात, हेही तिनेच सांगितलं आणि मी उत्साहाच्या भरात हिला सांगून बसलो.

"म्हणजे तबेल्याचं," ही म्हणाली आणि तिने माझ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली.

सुतारमामांनी दार ठोकून पाहिलं. "साहेब, नवीन करून देतो. पण चांगलं दार कापायचं पाप मला सांगू नका." पाप मग मीच करायचं ठरवलं. गोल पात्याचा कटर भाड्याने आणला, दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं घातलं. सात फुटी दार, म्हणजे साडेतीन फुटांवर रेघ. कुलूप तिच्या तीन बोटं खाली, त्यामुळे ते खालच्या भागात सुखरूप राहणार होतं. मधली बिजागरी मात्र नेमकी रेघेवर. म्हणजे ती काढायची आणि दोन नव्या आणायच्या, दोन्ही भागांना दोन-दोन. रेघेवर चिकटपट्टी लावली आणि सनमायकाची चांगली बाजू खाली केली, कारण या कटरचे दात खालून वर येतात आणि कपचे उडतात ते वरच्या बाजूचे. हे ज्ञान मला जुन्या टीपॉयचा बळी देऊन मिळालेलं आहे.

दार कापलं आणि पोटात काय आहे ते दिसलं. बिल्डरने ज्याला वीस वर्षांपूर्वी 'एकदम सागवानी' म्हटलं होतं, त्यात कुठल्याशा पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवून बसवल्या होत्या. नाराज व्हावं की नाही, कळेना. वीस वर्षं त्या तक्रार न करता उभ्या होत्या.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. ३० मिलिमीटरच्या त्या काठावर चहाचा कप उभा राहत नाही, पण कोपर छान राहतं. ही भाजी निवडायला घेऊन पलीकडे खुर्ची टाकून बसायची. लग्नाच्या अडतीस वर्षांत झालं नसेल एवढं आमचं बोलणं झालं, तेही मी 'कामात' असताना. नातू खालून दारावर थापा मारायचा आणि दिवाळी अंक सुखरूप होते.

पण कटरचं पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं. दोन भागांत फट राहिली. रात्री माझ्या दिव्याची एक पिवळी रेघ हॉलमध्ये झोपलेल्या मेव्हण्याच्या बरोबर डोळ्यांवर पडायची. म्हणून मी वरच्या भागाला बाहेरून लाकडी पट्टी ठोकली, फट झाकेल अशी. आठ खिळे, वर फेव्हिकॉल. मी काम कच्चं ठेवत नाही.

दार आतल्या बाजूला उघडतं. बाहेरून ठोकलेली पट्टी वरचा भाग उघडताना खालच्यालाही आत ढकलते. खालचा मात्र एकटा, अगदी मोकळा उघडतो. पट्टी आतून ठोकायला हवी होती, हे मला फेव्हिकॉल वाळल्यावर कळलं. थोडक्यात, मोठ्या माणसांना अडवणारं आणि दीड वर्षाच्या मुलाला आत सोडणारं दार मी स्वतःच्या हाताने तयार केलं होतं.

परवा संध्याकाळी मी वाचत बसलो होतो. खालचं दार हळूच ढकललं गेलं. आधी नातू आला आणि थेट फळीकडे गेला. त्याच्यामागून फरशीवरून सरकत चहाचा कप आला. वरचं दार बंदच होतं, त्याच्यापलीकडून हिचा आवाज आला,

"अहो, सोबत पेंड आणू का?"