साबणाचे शिरस्तेदार

सरकारी कचेरीत तीस वर्षे दफ्तर सांभाळलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतर जे व्यासंग जडतात, त्यांपैकी होमिओपॅथी, ज्योतिष आणि संपादकांस पत्रे लिहिणे हे तीन सर्वपरिचित असून समाजाने ते निरुपद्रवी म्हणून केव्हाच मान्य केले आहेत. परंतु घरच्या घरी, आणि तोही स्वयंपाकघरासाठी, साबण पाडण्याचा जो चौथा व्यासंग आहे, त्याची म्हणावी तशी दखल अद्याप कोणी घेतल्याचे दिसत नाही. हा गृहस्थ ठाण्यास आढळतो, गिरगावात आढळतो, रत्नागिरीस तर हमखास आढळतो. म्हणजे जेथे आठवड्यातून दोनदा तरी मासळीची टोपली दाराशी उतरते आणि घरात बांगडे किंवा कोलंबी साफ होते, तेथे त्याचा संभव धरावा.

साबणाच्या कामकाजास एखाद्या फिर्यादीने आरंभ होतो. मासळी निवडल्यावर हाताला वास राहतो, लसूण ठेचल्यावर बोटे सकाळपर्यंत आपला परिचय देत राहतात, ही ती फिर्याद; आणि मौज अशी की ज्या हातांना हा वास येतो त्या हातांनी ती कधीच गुदरलेली नसते. ते हात आपापला उपाय करून पदराला पुसून मोकळे झालेले असतात. फिर्यादी असतो तो, ज्याने उभ्या आयुष्यात एकही कोलंबी सोललेली नाही असा हा गृहस्थ. ‘या वासाचा कायमचा बंदोबस्त झाला पाहिजे,’ असा हुकूम तो एका रविवारी जेवणाच्या पाटावरून सोडतो, आणि दुसऱ्याच दिवशी एक लांबट वही आणून तिच्यावर तारीख, तेल, सोडा, पाणी व शेरा असे रकाने आखतो. साबण पुढे होवो न होवो, रोजनामा मात्र पहिल्या दिवसापासून चोख असतो.

विद्येच्या बाबतीत त्याला नावे ठेवता येणार नाहीत. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने साबण व ग्लिसरीन उत्पन्न होते, शेवरल नामक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीविषयीचा आपला ग्रंथ 1823 साली प्रसिद्ध केला, मोठे कारखानदार ग्लिसरीन काढून घेऊन निराळे विकतात आणि घरगुती साबणात ते जागच्या जागी राहते, हे सर्व तो भाजी निवडणाऱ्या पत्नीस खुलासेवार सांगतो. बाजारच्या साबणांविषयी त्याचे मत प्रतिकूल असते; अपवाद एकट्या म्हैसूरच्या चंदनी साबणाचा, कारण 1916 साली तो कारखाना प्रत्यक्ष संस्थानच्या सरकारने काढला होता, आणि सरकारने काढलेल्या वस्तूत खोट काढणे निवृत्तिवेतन घेणाऱ्यास शोभत नाही.

एक किलो खोबरेल तेलास सुमारे 180 ग्रॅम सोडा लागतो. तो त्याहून किंचित कमी घेतो, कारण थोडे तेल शिल्लक राहिलेले बरे, सोडा शिल्लक राहिलेला बरा नव्हे. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कदापि ओतू नये, हा नियम त्याने कपाटाच्या दारावर चिकटवलेला असतो, आणि तो अक्षरशः खरा आहे, कारण त्या मिश्रणाला जी उष्णता येते ती उसळून अंगावर आली असता साबणाची गरजच उरणार नाही. मात्र हे मिश्रण कोणत्या भांड्यात करावे याविषयी कलम लिहावयाचे राहून गेलेले असते. त्यामुळे घरातला ॲल्युमिनियमचा टोप कामास लागतो, सोडा त्या धातूला खाऊ लागतो, टोपातून बुडबुडे निघतात, आणि स्वयंपाकघरातून ‘अहो, तो दुधाचा टोप होता!’ असा आवाज येतो. रोजनाम्यात शेरा पडतो : ‘एक टोप खर्ची.’

यानंतर प्रयोगास रंग चढतो. कॉफीच्या चोथ्याने वास निघतो असे कळल्यावर, पिढ्यान्‌पिढ्या चहावर पोसलेल्या त्या कुटुंबास, नातवंडांसुद्धा, जायफळ घातलेली कॉफी सक्तीने पिणे भाग पडते. कारण चोथा हवा, आणि कॉफी प्याल्यावाचून चोथा कसा जमावा? (कॉफी न पिता नुसती उकळून टाकून द्यावी, ही सूचना उधळपट्टी म्हणून फेटाळली जाते.) जंतुनाशक म्हणून हळद घातली जाते, आणि ती सोड्याशी गाठ पडताच लालभडक होते, हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो हे घरातील कोणतीही वृद्धा सांगू शकली असती, परंतु तिची साक्ष नोंदवण्याची तजवीज नव्हती. शेवटी मासळीच्या वासावर रामबाण म्हणून अर्धा डझन लिंबांचा रस त्यात पडतो. वड्या माळ्यावर पाच-सहा आठवडे मुरतात, आणि सोडा पुरता जिरला की नाही हे पाहण्यासाठी हा गृहस्थ अधूनमधून शिडीवर चढून वडीला जीभ लावून येतो. शिडीवरून उतरतानाच्या त्याच्या मुद्रेवरून साबण कितपत तयार झाला हे घरच्यांना अचूक समजते.

मग येतो पंचनाम्याचा दिवस. शेजारचे दोन सन्मान्य गृहस्थ पंच म्हणून पाचारण केले जातात, सूनबाईंनी नुकतीच सुरमई कापलेली असते, त्यांच्याकडून नव्या साबणाने हात धुवून घेतले जातात, आणि मग पंचांच्या ध्यानात येते की परक्याच्या सुनेचा हात हुंगणे कोणत्याच शिष्टाचारात बसत नाही. पंच छताकडे पाहतात. अखेर तो स्वतःच हात धुतो, म्हणजे आधी आयुष्यात प्रथमच एक बांगडा साफ करतो, आणि मग ते दोन्ही हात पंचांपुढे धरतो. पंच श्वास घेतात, आणि सौजन्यपूर्वक विचारतात, ‘खोबरेल उत्तम दिसतं, कुठून आणता?’

सूनबाई रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या असतात, हे या घरात लग्नपत्रिकेनंतर कोणाच्या स्मरणात राहिलेले नसते. त्या पदर सावरून म्हणतात, ‘मामंजी, मासळीचा वास मुळात अल्कधर्मी. त्याला आंबट पदार्थ मारतो. साबण स्वतःच अल्कधर्मी, आणि तुम्ही घातलेला लिंबाचा रस सोड्यानं टोपातच संपवला.’

‘मग तुमच्या सासूबाईंच्या हाताला वास कसा येत नाही?’

‘त्या सोलकढीची पिळलेली आमसुलं बोटांना चोळतात. रोज.’

पत्नी काही बोलत नाही. गेली पस्तीस वर्षे तिला कोणी विचारलेले नसते. गृहस्थ मात्र खचत नाही, आणि येथेच त्याच्या जातीची थोरवी दिसते. कचेरीत विरुद्ध पुरावा आला म्हणजे प्रकरण बंद होत नाही, ते पुढील चौकशीसाठी वर्ग होते. तो जबानी सही घेऊन वहीत उतरवतो, पंचांना चहा (कॉफी नव्हे, हा त्यांच्यावरचा अनुग्रह) देऊन निरोप देतो, आणि रात्री दिव्याखाली बसून नवी तजवीज लिहितो : आमसूल गुणकारी असल्याचे निष्पन्न झाले आहे, सबब पुढील घाण्यात कोकमाचे आगळ एक बाटली घालावे, आणि त्याच्या आंबटपणामुळे सोडा कमी पडू नये म्हणून सोड्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे.