सात पायऱ्यांत कुंभकसम्राट

श्वास घेणं कुणालाही जमतं. खरं कर्तृत्व तो न घेण्यात आहे. नवशिक्यांनी पुढील पायऱ्या निमूटपणे चढाव्यात.

१. जागा. उन्हाळ्यात दुपारी पेणहून दुचाकीवर धरमतरकडे निघा. पुढे डंपर आला की श्वास आपोआप थांबतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे सरावाला धूळ कमी पडणार नाही.

२. गुरू. लोणावळ्याच्या कैवल्यधामात जाऊ नका. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेल्या या संस्थेत प्राणायाम चक्क प्रयोगशाळेत तपासतात. हठप्रदीपिकाही मिटून ठेवा. प्राण वाघ-हत्तीसारखा सावकाश वश करावा, घाई केली तर साधकच जातो, असं काहीतरी निराशाजनक त्यात आहे. त्यापेक्षा भावोजींचा फॉरवर्ड बरा: दहा सेकंद श्वास रोखला आणि खोकला आला नाही, म्हणजे कोरोना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हे खोटं ठरवलं. पण ती आपल्या ग्रुपमध्ये नाही.

३. आरंभ. श्वास रोखा. थोड्याच वेळात जीव कासावीस होईल. घाबरू नका, प्राणवायू अजून शिल्लक असतो. रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड मेंदूकडे तक्रार करत असतो. पुढे छाती-पोटामधला पडदा आचके देऊ लागेल. घरच्यांना सांगा, कुंडलिनी हलली.

४. गुरुकिल्ली. ही तक्रार नको असेल तर आधी भराभर, खोल श्वास घ्या. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, प्राणवायूत मात्र फारशी भर पडत नाही. म्हणजे चोर घरातच, फक्त कुत्र्याचं तोंड बांधलं. आता गुदमरल्यासारखं वाटणार नाही. थेट शुद्धच जाईल.

५. प्रगत वर्ग. हेच खाडीत करा. गार पाणी चेहऱ्याला लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात; त्याला समाधी म्हणा. पाण्याखाली शुद्ध हरपली की शरीर पुढचा श्वास स्वतःच घेतं, पाण्यासकट. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे पस्तीसेक किलोमीटर पोहून जाणारी मुलं ठरावीक हातांमागे तोंड वळवून श्वास घेतात. त्यांचं अनुकरण नको, अगदीच सामान्य वाटतं.

६. ध्येय. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदने २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला. त्यामागे त्याचा कित्येक वर्षांचा सराव होता. तुमच्यामागे रविवारची सुट्टी आहे, ती पुरेल. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारू नका. ते नाही म्हणतील आणि रविवार फुकट जाईल.

७. सोबती. काठावर माणूस हवाच. पण पट्टीचा पोहणारा, नजर न हटवणारा नको. तो मध्येच बाहेर ओढून विक्रम मोडतो. रील काढणारा मित्र बघा. तुम्ही वर आला नाहीत तरी सेकंद अचूक मोजले जातील.